पडलेलं पिल्लू आणि आपले हात

(विहारातील रविवारच्या वंदनेनंतर दिलेले व्याख्यान. बोलण्याची भाषा फारशी न बदलता स्मरणिकेसाठी देत आहोत.)



समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मी काही वक्ता नाही. धम्मावर बोलणारे विद्वान आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून नोकरी केली. व्रणोपचारक म्हणजे जखमा धुणारा, मलमपट्टी करणारा, डॉक्टरसाहेब सुई टोचत असताना जनावर धरून ठेवणारा माणूस. मी डॉक्टर नाही. पण तीस वर्षं जनावरं धरली, तेवढ्यावरून चार गोष्टी कळल्या, त्या सांगतो. विषय साधा आहे. घरातलं किंवा गल्लीतलं छोटं कुत्रं वरून खाली पडलं, तर आपण काय करायचं?

कोणी म्हणेल, विहारात हा कसला विषय? आपण रोज पंचशील घेतो. पहिलंच शील प्राण्याची हिंसा न करण्याचं आहे. पण हिंसा न करणं ही अर्धीच गोष्ट झाली. समोर जीव तडफडतोय आणि आपण हाताची घडी घालून उभे आहोत, तर आपण हिंसा केली नाही हे खरं, पण मैत्री तरी कुठे केली?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या बालपणीची पाखराची गोष्ट घेतली आहे. देवदत्ताने बाण मारला, सिद्धार्थाने बाण काढला, जखमेला पट्टी बांधली, पाखराला पाणी पाजलं आणि उराशी धरलं. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण एक भाग आपण घाईने पुढे ढकलतो, तो म्हणजे सिद्धार्थाने हातांनी काय केलं. तो नुसता रडला नाही. त्याने काम केलं. आज मला त्या कामाबद्दल बोलायचं आहे.

बाबासाहेबांनाही कुत्र्यांचा लळा होता. १९३४ सालचा राजगृहातला एक फोटो तुम्ही पाहिला असेल. त्यात यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आहेत, आणि त्यांच्यासोबत टॉबी नावाचा कुत्रा आहे. ज्या कुटुंबाने इतकं दुःख सोसलं, त्या कुटुंबाच्या फोटोत कुत्र्यालाही जागा होती, हे विसरू नका.

आणि लांब कशाला जायचं? आपल्याच पालघर जिल्ह्यात सोपारा आहे, जुनं शूर्पारक. तिथला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरून काढला. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तिथे सापडले, आठव्या लेखाचा १८८२ मध्ये आणि नवव्या लेखाचा १९५६ मध्ये. त्याच लेखमालेतला दुसरा लेख गिरनारला वाचायला मिळतो. त्यात अशोकाने सांगितलं आहे की माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची सोय केली, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वी आमच्या राजाला जनावराचा दवाखाना सुचला होता. आपल्याला निदान एक स्वच्छ फडकं सुचायला हरकत नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शेजारी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. तिने रस्त्यावरचं एक पिल्लू पाळलं होतं, तांबूस रंगाचं, दोन ओंजळीत मावेल एवढं. एका संध्याकाळी ती ते उचलून माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, हे पायरीवरून पडलं." मी नुकताच कामावरून आलो होतो. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. पिल्लू खाली ठेवलं, ते उभं राहिलं, शेपटी हलवली, चार पावलं चाललं. रक्त नव्हतं, पाय मोडला नव्हता. मी म्हटलं, "काही नाही झालं गं. पायरीवरून पडून काय होतंय? दूध पाज आणि झोपव."

पहाटे ते पिल्लू गेलं.

मुलगी आठ दिवस कोणाशी बोलली नाही. मग एक दिवस ती आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, ते पायरीवरून नव्हतं पडलं. गच्चीवरून पडलं होतं. मी कठड्यावर ठेवलं होतं. बाबा मारतील म्हणून खोटं बोलले."

मी तिला काय सांगणार? मी सांगितलं, "बाई, चूक तुझी नाही, माझी आहे." आणि ते मी तिचं मन राखायला बोललो नाही. ते खरंच होतं. ती पोर होती. मी दवाखान्यात काम करणारा माणूस. पिल्लाची हिरडी वर करून बघायला मला दहा सेकंद लागली असती. मी बघितली नाही. ते चाललं एवढ्यावर मी विश्वास ठेवला. त्याच्या पोटात आतल्या आत रक्तस्राव झाला असावा. सगळी जखम बाहेर दिसतेच असं नाही, हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी मी ते वापरलं नाही.

म्हणून आज जे सांगतोय ते नीट ऐका, आणि बालमित्रांनो, तुम्ही विशेष ऐका.

पहिली गोष्ट, घाबरून लगेच उचलू नका. कुत्रं पडलं की आपण काय करतो? धावत जातो, काखेत हात घालतो, उभं करून बघतो चालतंय का. हे करू नका. पाठीच्या मणक्याला मार असेल तर उभं करताना तो वाढतो. आधी एक मिनिट जवळ बसा. हळू आवाजात त्याला नावाने हाक मारा. ते शुद्धीवर आहे का, श्वास कसा घेतंय, रक्त कुठून येतंय, पाय हलवतंय का, हे डोळ्यांनी बघा. गर्दी मागे हटवा. आपल्याकडे काही झालं की वीस माणसं गोल करतात आणि वीस सल्ले देतात. कुत्र्याला त्याने आणखी भीती वाटते.

दुसरी गोष्ट, चावण्यापासून स्वतःला जपा. तुमचं कितीही लाडकं कुत्रं असलं तरी वेदनेत ते चावतं. तो त्याचा दोष नाही. तोंड चेहऱ्याजवळ नेऊ नका. ओढणीची किंवा बँडेजची लांब पट्टी घ्या, तोंडाभोवती एक फेरा द्या, खाली गाठ मारा आणि दोन्ही टोकं कानांच्या मागे नेऊन बांधा. पण एक लक्षात ठेवा, श्वासाला धाप लागत असेल, उलटी होत असेल, ते बेशुद्ध असेल किंवा बसक्या नाकाचं कुत्रं असेल, तर तोंड बांधायचं नाही. मग अंगावर जाड टॉवेल टाकून धरायचं.

आणि चावलंच तर? जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, मिरचीपूड काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. "आपलंच कुत्रं आहे" म्हणून बसून राहू नका.

तिसरी गोष्ट, हिरडी. बालमित्रांनो, ही तुम्हीसुद्धा शिकू शकता, पण मोठं माणूस जवळ असताना आणि कुत्रं शांत असतानाच. वरचा ओठ हलकेच उचलायचा. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. काही कुत्र्यांची काळी असते, तेव्हा खालच्या पापणीच्या आतला भाग बघायचा. बोटाने हिरडी दाबून सोडली की ती पांढरी होते आणि एक-दोन सेकंदांत परत गुलाबी होते. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, हिरडी पांढुरकी, राखाडी किंवा निळसर दिसली, पाय गार पडले, नाडी बारीक आणि जलद लागली, तर ते धक्क्यात गेलंय. त्याला इंग्रजी शब्द शॉक. मग कुत्रं शेपटी हलवत असलं तरी थांबायचं नाही. नाडी कुठे बघायची? मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, वर, जांघेजवळ.

चौथी गोष्ट, श्वास. शांत पडलेलं कुत्रं मिनिटाला साधारण दहा ते तीस वेळा श्वास घेतं. पडल्यावर भीतीने सुरुवातीला जास्त घेईल. पण थोड्या वेळाने शांत झाल्यावरही चाळीसच्या वर जात असेल, मान लांब करून, कोपरं बाहेर काढून श्वास ओढत असेल, तर छातीत मार आहे. फुप्फुसाला मुका मार बसतो, कधी फुप्फुसाबाहेर हवा साठते, कधी पोट आणि छाती यांच्यामधला पडदा फाटतो. फुप्फुसाचा मार पहिल्या तासात कमी दिसतो आणि नंतर वाढू शकतो. म्हणून "आता बरं वाटतंय" यावर भरवसा नाही.

पाचवी, रक्त. वाहत असेल तर स्वच्छ फडकं ठेवून तळहाताने दाबून धरा. पाच ते दहा मिनिटं सलग. दर अर्ध्या मिनिटाला उचलून "थांबलं का" बघू नका, धरलेली खपली निघते. फडकं भिजलं तर तेच राहू द्या, वर दुसरं ठेवा. नाकातून किंवा कानातून रक्त येत असेल, एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसत असेल, झटके येत असतील, तर डोक्याला मार आहे. मानेवर दाब देऊ नका, गळ्यातला पट्टा सोडा, आणि नेताना डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवा.

सहावी, मोडलेलं हाड. आपल्याकडे हाड बसवणारे फार. पाय ओढून सरळ करतात, बांबूची कामटी बांधतात. करू नका. चुकीची बांधलेली कामटी आतल्या नसा कापते. पाय जसा आहे तसा मऊ कापडावर टेकू द्या. छोट्या जातीची जी कुत्री आता घरोघरी दिसतात, ती पामेरियन वगैरे, त्यांच्या पुढच्या पायाची हाडं पेन्सिलीएवढी असतात. खाटेवरून उडी मारली किंवा पोराच्या हातातून सुटलं तरी मोडतात. म्हणून "एवढ्याशा उंचीवरून काय होणार" असं म्हणायचं नाही. मी म्हटलं होतं. त्याचं फळ तुम्हाला सांगितलं.

सातवी, उचलायचं कसं. सपाट, न वाकणारी वस्तू लागते. घरात काय असतं? पाट असतो, फळी असते, मुलांचा कॅरम बोर्ड असतो. छोट्या पिल्लाला तर पिठाची परात पुरते. आयाबहिणी हसल्या, पण परात घासता येते हो! तिच्यात चादरीची घडी घाला. एकाने डोकं आणि खांदे, दुसऱ्याने कंबर, दोघांनी एकाच वेळी, पाठ वाकू न देता सरकवत परातीत घ्या. वरून हलकं पांघरूण घाला, अंग गार पडू देऊ नका. पण गरम पाण्याच्या पिशव्या लावू नका. रिक्षात मांडीवर परात आडवी धरा. खड्डे आपल्या रस्त्यांचे तुम्हाला माहीतच आहेत, रिक्षावाल्या भाऊंना हळू चालवायला सांगा.

आता काय करायचं नाही. ही यादी करायच्या यादीपेक्षा महत्त्वाची आहे.

तोंडात पाणी ओतू नका. अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या श्वासनळीत पाणी जातं. दूध, ग्लुकोज, ब्रँडी काही नाही. शस्त्रक्रिया करावी लागली तर भूल द्यावी लागते, त्यासाठीही पोट रिकामं बरं. सिद्धार्थाने पाखराला पाणी पाजलं होतं हे मला ठाऊक आहे. पण ते बाणाच्या जखमेचं पाखरू होतं, आणि ही उंचावरून पडलेल्या कुत्र्याची गोष्ट आहे.

माणसाची दुखण्याची गोळी देऊ नका. घरात पॅरासिटामॉल असते, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असते. आपल्याला वाटतं, अर्धी दिली तर काय होतंय? पॅरासिटामॉलच्या जास्त मात्रेने कुत्र्याचं लिव्हर खराब होतं, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. बाकीच्या दोन गोळ्यांनी पोटात व्रण पडतात, रक्त जातं, किडनी बसते. तीन-चार किलोच्या जिवाला अर्धी गोळीसुद्धा थोडी नाही. आमच्या दवाखान्यात अशी कुत्री येत, पडून आलेली नव्हे, गोळी खाऊन आलेली. मालक रडत सांगायचा, "साहेब, त्याचं दुखणं बघवेना म्हणून दिली." करुणा होती. पण माहितीशिवायची करुणा कधी कधी विष होते.

आठवी गोष्ट, डॉक्टर. आपलं कोळगाव आता जिल्ह्याचं ठिकाण आहे. २०१४ च्या १ ऑगस्टला जिल्हा झाला, २०२१ मध्ये इथली मुख्यालयाची इमारत सुरू झाली. पालघर आणि बोईसरमध्ये जनावरांचे डॉक्टर आहेत. कोण रात्री फोन उचलतो, कोणाकडे एक्स-रे आहे, हे कुत्रं पडल्यावर शोधू नका. आजच विचारून नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तो मुख्यतः गुराढोरांसाठी, पण लिहून ठेवा. मोठी शस्त्रक्रिया लागली तर मुंबई. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, तिथेच बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं जुनं इस्पितळ आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं इस्पितळ २०२४ मध्ये सुरू झालं. पण मुंबईला निघायच्या आधी जवळच्या डॉक्टरकडे न्या. श्वास आणि धक्का सांभाळल्याशिवाय शंभर किलोमीटरचा प्रवास म्हणजे जुगार.

डॉक्टरांनी घरी सोडलं तरी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लक्ष ठेवा. दर दोन-तीन तासांनी हिरडी आणि श्वास बघा. लघवी झाली का, तिच्यात रक्त आहे का, हे बघा. पडल्यावर मूत्राशय फुटू शकतं, तेव्हा लघवी बंद होऊ शकते आणि पोट फुगू शकतं. कडी लावून एका खोलीत ठेवा, जिना चढू देऊ नका. रात्री घरातल्यांनी पाळ्या लावा. आपण आजारी माणसाजवळ बसतो तसं.

इमारतीवरून कुत्री पडणं ही आपल्याकडचीच गोष्ट नाही. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ ते १९९१ या काळातल्या अशा ८१ कुत्र्यांच्या नोंदी जमवून १९९३ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. जिथे माळे वाढले, तिथे हे वाढणारच. कोळगावात पूर्वी शेतं आणि बैठी घरं होती. आता गॅलऱ्या झाल्या, गच्च्या झाल्या. म्हणून गॅलरीच्या गजांना खालून दोन-तीन फूट जाळी बांधा. कठड्याजवळ खुर्ची, स्टूल, कुंडी ठेवू नका, त्यावर चढून कुत्रं वर जातं. हीच जाळी तुमच्या रांगत्या बाळालाही वाचवेल.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. ती मोठ्यांसाठी आहे.

त्या मुलीने मला खोटं सांगितलं कारण तिला माराची भीती होती. किती उंचीवरून पडलं, कशावर पडलं, कोणत्या अंगावर पडलं, किती वेळ झाला, ही डॉक्टरला लागणारी पहिली माहिती. ती बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे असते. आपण हात उगारला की ती माहिती आपल्यासाठी बंद होते. घरात काहीही पडलं, फुटलं, मोडलं तर पहिलं वाक्य "कोणी केलं?" हे असू नये. "काय झालं, सांग बरं," हे असावं. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते आपण मुलांकडून म्हणून घेतो. पण खरं बोलायला घरात जागा ठेवणं हे मोठ्यांचं काम आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या इमारतीत एका मुलाच्या हातून त्यांचं छोटं कुत्रं दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीतून पडलं. तो पोरगा रडत रडत खाली आला आणि पहिल्यांदा म्हणाला, "माझ्या हातून सुटलं. दुसऱ्या माळ्यावरून. डाव्या कुशीवर पडलं." त्याच्या वडिलांचा चेहरा लाल झाला होता, पण त्यांनी हात आवरला. मी हिरडी बघितली, फिकी होती. त्यांच्या घरातली परात आणली. वीस मिनिटांत डॉक्टरांच्या टेबलावर होतं. छातीला मार होता, पुढचा पाय मोडला होता. दोन दिवस प्राणवायूवर ठेवलं, मग पायाची शस्त्रक्रिया झाली. खर्च झाला, शेजाऱ्यांनी थोडे थोडे दिले. आज ते जरा लंगडतं, पण फिरतं. तो पोरगा आत्ता इथेच बसला आहे. नाव घेत नाही, लाजतो.

त्याने खरं सांगितलं म्हणून ते वाचलं, असं मी खात्रीने म्हणू शकत नाही. पण खरं कळल्यामुळे आम्ही वेळ घालवला नाही, एवढं नक्की.

सगळीच वाचत नाहीत. सगळं नीट करूनही कधी कधी जीव जातो. तेव्हा मुलाला "कुत्रंच होतं, दुसरं आणू," असं म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. अनित्यता आपण पुस्तकातून शिकवतो. मुलाला ती पहिल्यांदा बहुधा अशीच भेटते, एखाद्या पिल्लाच्या रूपाने. त्या वेळी आपण त्याच्याजवळ होतो की नाही, हे ते लक्षात ठेवतं.

मला एवढंच सांगायचं होतं. घरी गेल्यावर आपापल्या कुत्र्याची हिरडी एकदा बघून ठेवा, म्हणजे निरोगी रंग कसा असतो ते कळेल. कॅलेंडरवर डॉक्टरांचा नंबर लिहा. आणि घरात पाळीव प्राणी नसेल त्यांनी गल्लीतल्या मुक्या जिवांसाठी हे लक्षात ठेवा.

 सर्व प्राणिमात्रांचं मंगल होवो.

जयभीम! नमो बुद्धाय!